सापाला उंदीर चावला

गेल्या महिन्यात एका पहाटे पाच वाजता फोन वाजला. आमच्या वयाला अवेळी फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो, मग चष्मा शोधला जातो आणि मग फोन. मुलीचा होता, न्यू जर्सीहून.

"आई, घाबरू नकोस. पण तुझ्या नातवाला उंदीर चावलाय. आणि सापालाही चावलाय."

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. साप उंदराला खातो हे मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं. साप शेतकऱ्याचा मित्र, का, तर तो उंदीर खातो. परीक्षेत हा प्रश्न दोन मार्कांना ठरलेला. उंदीर सापाला चावतो हे कुठल्या पुस्तकात वाचल्याचं आठवेना.

प्रकार असा झाला होता. आमच्या नातवाने दोन वर्षांपूर्वी एक साप पाळला आहे. 'कॉर्न स्नेक' म्हणतात त्याला. नारिंगी रंगाचा, बिनविषारी, तिकडे अमेरिकेतलाच. (मी गेले होते तेव्हा त्याची खोली झाडायचं काम माझ्याकडे नव्हतं, एवढंच सांगते.) त्याला खायला दुकानातून मारून गोठवलेले उंदीर आणतात. ते लेकीच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी असतात. त्या घरी मी फ्रीजरला हात लावत नाही.

तर त्या सापाने दोन आठवडे काही खाल्लं नव्हतं. बहुधा कात टाकायची वेळ आली होती. नातवाला कुणीतरी सांगितलं की जिवंत उंदीर टाक, हालचाल बघितली की खाईल. त्याने जिवंत उंदीर आणला, रात्री पेटीत सोडला, दिवा मालवला आणि झोपला. सकाळी बघतो तर सापाच्या पाठीवर दोन ठिकाणी कातडं जाऊन आतलं मांस दिसतंय आणि उंदीर कोपऱ्यात ठणठणीत. घाबरून त्याने उंदराला बाहेर काढायला हात घातला, तर तो बोटाला कडकडून चावला.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला जे समजावलं ते त्याने मला फोनवर समजावलं. भुकेला नसलेला साप उंदराला मारत नाही. अंग गार पडलेलं असेल किंवा कात यायची असेल, तर तो नुसता पडून राहतो. रानात असा साप बिळात निघून जाईल आणि उंदीर आपल्या वाटेने पळून जाईल. पेटीत दोघांनाही वाट नाही. उंदराला ना खायला, ना प्यायला, ना लपायला. मग तो कुरतडणारच, ते त्याचं कामच आहे. कधी कधी हाडापर्यंत कुरतडतो आणि साप त्यातून मरतोही. म्हणजे दोष उंदराचा नाही आणि सापाचाही नाही. दोष पेटीचा, आणि पेटीचं झाकण लावून झोपणाऱ्याचा.

सापाची जखम पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने धुतली, अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू केली. पेटीतला लाकडाचा भुसा काढून साधा कागद अंथरला, म्हणजे जखमेत कचरा जाणार नाही. पेटीची ऊब नीट ठेवायला सांगितली, कारण सापाचं रक्त आपल्यासारखं स्वतः गरम राहत नाही. गारठलेल्या सापाची जखम भरत नाही आणि औषधही नीट लागू पडत नाही. पुढच्या काही काती टाकता टाकता जखम भरून येईल म्हणाले. नातवाच्या बोटाचंही तसंच. साबणाच्या पाण्याने धुवून डॉक्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्या आणि तीन आठवडे तापावर लक्ष.

हे सगळं सांगून झाल्यावर चिरंजीव म्हणाले, "आजी, तू हिस्टरीची टीचर होतीस ना? मग हे सगळं आधी कुणाला कसं माहीत नव्हतं?"

प्रश्न त्याने सहज विचारला. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. का, ते पुढे सांगते. आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते मी गेले महिनाभर शोधते आहे.

साप जवळ बाळगणारा माणूस आपल्याला नवा नाही. माझ्या लहानपणी श्रावणात गारुडी दारात यायचे. टोपलीचं झाकण उघडलं की नाग फणा काढायचा, आणि आई वाटीत दूध, वर दोन पैसे ठेवायची. नाग दुधाला तोंड लावायचा आणि आम्ही हात जोडायचो. साप दूध पचवू शकत नाही. त्याला दिवसेंदिवस उपाशी, तहानलेला ठेवलेला असतो म्हणून तो समोर येईल ते पितो, हे मला फार उशिरा कळलं. दात उपटलेले, कधी तोंडही शिवलेलं, त्यात जखमा चिघळलेल्या. असा नाग थोड्याच दिवसांत मरायचा आणि गारुडी दुसरा धरायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बंद व्हायला हवं होतं, ते व्हायला पुष्कळ वर्षं लागली. आज आपल्याकडे नाग, धामण, अजगर, कुठलाही देशी साप पाळणं गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप पाळणाऱ्यांसाठीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर सरकारदरबारी नोंदणी आली आहे.

हौसेने, काचेच्या पेटीत साप ठेवून लोकांना दाखवायची सुरुवात लंडनला झाली. रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाने १८४९ साली सापांसाठी वेगळं घर बांधलं. जगातलं ते पहिलंच. डार्विनसाहेब तिथे जायचे. काचेपलीकडे विषारी साप आहे, काच मजबूत आहे, हे पक्कं माहीत असूनही साप झेपावला की आपण मागे उडी मारतोच, हा अनुभव त्यांनी स्वतःवर घेऊन लिहून ठेवला आहे. त्या काळात तिथे सापांना जिवंत ससे, पक्षी खायला देत आणि ते बघायला लोक जमत. पुढे त्यावरून पुष्कळ वाद झाले.

त्या सर्पगृहात गर्लिंग नावाचा एक रखवालदार होता. आधी रेल्वेत गार्डाची नोकरी केलेला माणूस. २० ऑक्टोबर १८५२ ला तो सकाळी कामावर आला तो रात्रभर जागरण करून आणि जिन पिऊन. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका दोस्ताला निरोप द्यायची बैठक रात्रभर चालली होती. सोबतच्या माणसापुढे शौर्य दाखवायला त्याने आधी एक साप हातात घेतला, त्याने काही केलं नाही. मग नाग घेतला. नाग त्याला नाकावर चावला.

इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या, विजेचे झटके आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास. दोन्हींनी तो वाचला नाही. पण मला हे वाचताना नवल वाटलं ते असं, की दुसरी गोष्ट बरोबर होती! नागाच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि माणूस श्वास बंद पडून जातो. आज नाग-मण्यार चावलेल्या माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवून वाचवतात ते याच कारणाने. १८५२ च्या डॉक्टरांच्या हाताला योग्य वाट लागली होती, पण ती कशासाठी आणि किती वेळ चालायची हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते शोधून काढायचं काम पुढे कलकत्त्यात झालं. जोसेफ फेअरर नावाचे सर्जन तिथे होते. हिंदुस्थानातल्या विषारी सापांवरचा त्यांचा मोठा चित्रमय ग्रंथ १८७२ साली निघाला. त्यांनी त्या वेळी प्रचलित असलेली औषधं, मुळ्या, सर्पमणी, एकेक तपासून पाहिली. कामाचं काही सापडलं नाही. पण ब्रंटन या डॉक्टरांबरोबर प्रयोग करताना कृत्रिम श्वास चालू ठेवला तर विष चढलेलं जनावर जास्त काळ तग धरतं, हे मात्र त्यांना दिसलं.

याच ब्रंटनसाहेबांच्या नावाची एक वस्तू १९०४ च्या सुमारास हिंदुस्थानात आली. बोटाएवढी लाकडी डबी. एका टोकाला छोटं पातं, दुसऱ्या टोकाला पोटॅशियम परमँगनेटचे खडे. दंशावर चीर द्यायची आणि खडे चोळायचे. काचेच्या नळीत परमँगनेट विषाला निकामी करतं, हे खरं. म्हणून अंगातही करील असं थोरामोठ्यांना वाटलं. अंगात विष एका जागी थांबत नाही, त्यामुळे उपयोग शून्य आणि वर चिरलेली, भाजलेली जखम. पण डबी गेली तरी विचार राहिला. बांधा, चिरा, जांभळे खडे चोळा. हे पुढे कित्येक वर्षं प्रथमोपचाराच्या पुस्तकांत छापलं जात होतं. वाचकहो, हे वाक्य लक्षात ठेवा.

खरं औषध निघालं ते १८९४-९५ च्या सुमारास. फ्रान्सचे आल्बेर काल्मेत हे डॉक्टर सायगावला असताना पुरामुळे नाग वस्तीत शिरले आणि पुष्कळ लोकांना दंश झाला. तिथून ते या विषयामागे लागले. जनावराला विषाची अगदी थोडी मात्रा द्यायची, हळूहळू वाढवायची. त्याच्या रक्तात विषाला उतारा तयार होतो, तो माणसाला टोचायचा. (आपल्या सगळ्यांच्या दंडावर बी.सी.जी.चा वण आहे ना, त्यातला 'सी' म्हणजे हेच काल्मेत.) त्याच वेळी पॅरिसमध्ये आणखी दोघांनीही हेच शोधून काढलं होतं.

काल्मेतना वाटलं की नागाचा उतारा सगळ्या सापांना चालेल. तो चालत नाही हे दाखवणाऱ्यांत एक होते जॉर्ज लॅम. नागाच्या विषावरचा उतारा घोणशीला लागू पडत नाही, हे त्यांनी दाखवलं. हा माणूस मला फार आवडला, कारण त्याने साप आणि उंदीर दोन्ही हाताळले. मुंबईत १८९६ ला प्लेग आला. १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिनसाहेबांची प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. १९०५ पासून प्लेगवर काम करणारी समिती तिथे बसली आणि प्लेग उंदरावरच्या पिसवांनी पसरतो हे तिने पक्कं केलं. त्या कामाचा गोषवारा १९०८ साली लिहिला तो याच लॅमनी. पुढे कसौलीला आणि परळच्या त्याच वास्तूत (१९२५ पासून तिचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट) सर्पदंशावरची लस होऊ लागली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांनाही चालणारी. तिच्यासाठी लागणारं विष मुख्यतः तामिळनाडूतले इरुळा लोक १९७८ साली स्थापन झालेल्या आपल्या सहकारी सोसायटीतर्फे काढून देतात. एके काळी कातड्यासाठी साप धरणारे हे लोक आता साप काही आठवडे मडक्यात ठेवतात, विष काढतात आणि परत रानात सोडतात. त्यांच्या हाताचे उपकार या देशातल्या किती घरांवर आहेत!

आता उंदराकडे येते, कारण नातवाचं बोट अजून राहिलंय.

उंदराच्या चाव्याने ताप येतो ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापाच्या विषाचे अध्याय आहेत तसा उंदराच्या विषाचाही स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात उंदरांचे अठरा प्रकार सांगितले आहेत. जपानमध्ये या तापाला 'सोडोकू' म्हणत. म्हणजे उंदराचं विषच. त्यामागचा वळवळणारा सूक्ष्म जंतू उंदराच्या रक्तात पहिल्यांदा पाहून लिहून ठेवला तो १८८७ साली, आणि तो लिहिणारा डॉक्टर होता मुंबईत. हेन्री वँडाइक कार्टर. 'ग्रेज अॅनाटॉमी' या १८५८ च्या जगप्रसिद्ध ग्रंथातली सगळी चित्रं ज्याच्या हातची, तोच हा कार्टर. पुस्तकावर नाव ग्रे यांचं मोठं झालं आणि हा चित्रकार डॉक्टर इकडे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, कुष्ठरोग्यांत आणि दुष्काळातल्या तापकऱ्यांत काम करत राहिला. त्याने पाहिलेला जंतू आणि चाव्याचा ताप यांची सांगड मात्र जपानी डॉक्टरांनी १९१५ नंतर घातली. याच तापाचा दुसरा एक जंतूही आहे, अमेरिकेत बहुतेक वेळा तोच सापडतो. पेनिसिलिन वेळेवर मिळालं तर दोन्ही बरे होतात. नाही मिळालं तर ताप जिवावर बेततो. चावा दिसायला भरून आलेला असतो आणि ताप काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी येतो. म्हणून तर नातवाला तीन आठवडे थर्मामीटर लावायला सांगितलं होतं.

तेव्हा बाळा, माहीत होतं. सुश्रुताला थोडं, कार्टरना थोडं, लॅमना थोडं माहीत होतं. माहीत असणं आणि ज्याचा हात पेटीत जाणार आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचणं, यात बरंच अंतर असतं. त्या अंतरात आम्ही शिक्षक उभे असतो.

आता माझी गोष्ट.

साल १९८४. सांगली जिल्ह्यातल्या एका गावी मी हायस्कुलात इतिहास-मराठी शिकवत होते. मुलींच्या गाइड पथकाचं कामही माझ्याकडे, त्यामुळे प्रथमोपचाराची पेटी माझ्याच कपाटात. पावसाळ्याचे दिवस. मधल्या सुट्टीत पोरं ओरडत आली, "बाई, पान लागलं! पान लागलं!" आमच्याकडे 'साप चावला' असं तोंडाने म्हणत नाहीत. आठवीतला एक मुलगा विहिरीवर पाणी प्यायला गेला होता, पायाच्या बोटांजवळ चावलं. अनवाणी होता. तेव्हा निम्मी शाळा अनवाणीच असायची.

लोक म्हणाले मारुतीच्या देवळात न्या, मांत्रिकाला बोलवा. मी ठाम राहिले. मी म्हटलं, मी शिकलेली आहे, मला उपचार येतात. आणि पुस्तकात होतं ते सगळं केलं. पिंडरीवर सुतळी बांधली, फूटपट्टी घालून पीळ दिला. नव्या ब्लेडने दंशावर चिरा दिल्या. जांभळे खडे चोळले. पोर किंचाळत होतं, मी रडत होते, पण हात थांबवला नाही. गावात तेव्हा गाडी नव्हती. बैलगाडीने नाक्यापर्यंत, तिथून ट्रकने तालुक्याला, तीन तासांवर वेळ गेला. वाटेत कुणी सुतळी सैल करू म्हणालं तर मीच करू दिली नाही. पुस्तकात काही मिनिटांनी सैल करा असं होतं खरं, पण भीतीपुढे मला ते आठवलं नाही.

मुलगा वाचला. पाय मात्र काळानिळा पडला होता. चिरा चिघळल्या आणि महिन्याभराने दोन बोटं काढावी लागली. जिवावरचं बोटांवर गेलं, असं सगळे म्हणाले. त्याची आई नारळ आणि खण घेऊन माझ्या घरी आली आणि माझ्या पाया पडली. शाळेत सत्कार झाला. तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे.

पुढे दहा-बारा वर्षांनी आम्हा शिक्षकांचं एक शिबिर झालं. तिथे एका सर्पमित्राने साप दाखवले. त्यातला एक दाखवून तो म्हणाला, ही दिवड, विरोळाही म्हणतात, पाण्याकाठी असते, पटकन चावते, पूर्ण बिनविषारी. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके. मी तो साप ओळखला. त्या दिवशी पोरांनी विहिरीवर दगडांनी मारून पोत्यावर टाकून आणलेला साप हाच होता. मग तो म्हणाला, घट्ट बांधू नका, चिरू नका, चोखू नका. रक्त अडून पाय जातो आणि विष काही थांबत नाही. पुढचं मला ऐकू आलं नाही.

त्या मुलाला काहीही झालं नसतं. डेटॉलने पाय धुवून, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन तो चार दिवसांत खेळायला लागला असता. बोटं सापाने नेली नाहीत, मी नेली. मांत्रिकाकडे गेला असता तर सुटला असता, हे लिहायला मला आजही जड जातं. (आणि याचा अर्थ मांत्रिकाकडे न्यावं असा मुळीच नाही. बिनविषारी साप चावलेले बरे होतात म्हणून तर मांत्रिकांचं नाव होतं. नाग-घोणस चावलेले त्यांच्या अंगणात मरतात.)

हे मी यांनाही सांगितलं नव्हतं. ते गेले २०११ ला. मुलीलाही नाही. शिबिरानंतर वर्गात मी नवं तेच शिकवलं, पण आधी जे चुकीचं शिकवलं ते चूक होतं असं कधी म्हटलं नाही. दहा-बारा वर्षांच्या तुकड्या माझ्याकडून 'बांधा, चिरा' शिकून गेल्या. त्यांतल्या कुणी कुणाचा पाय बांधला असेल, मला काय माहीत.

शहाणी माणसंही अशी चुकतात, हा आधार मी स्वतःला पुष्कळदा दिला आहे. १९५७ साली शिकागोतल्या संग्रहालयाचे कार्ल श्मिट, सापांचे जगन्मान्य अभ्यासक, एका लहानशा बूमस्लँग सापाला ओळखताना चावून घेऊन बसले. एवढ्याशा पिल्लाने काय होणार, असं त्यांनी धरलं. कसं वाटतंय ते तासातासाने लिहून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. पण ते आपल्या चुकीने स्वतः गेले, दुसऱ्याची बोटं घेऊन गेले नाहीत. तेव्हा हा आधार काही खरा नाही.

नातवाने तो प्रश्न विचारला त्या दिवशी ठरवलं की आता पुरे. आधी त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आजी, मीपण उंदीर सोडून झोपलो होतो." पंधरा वर्षांचं पोर!

मग त्या विद्यार्थ्याला फोन केला. आता पन्नाशी ओलांडलेला बागायतदार आहे तो, ऊस आहे, दरवर्षी गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करतो. मी सांगत गेले, तो "हां बाई", "हां बाई" करत राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, आई मरेपर्यंत म्हणत होती, तुझी बाई होती म्हणून तू आहेस. ती गेली, आता तिला सांगायला नको." मग जरा थांबून म्हणाला, "माझ्या शेतावर ऊसतोडीची चाळीस माणसं येतात. त्यांना काय सांगायचं ते मोठ्या अक्षरांत लिहून द्या. मी भिंतीवर लावतो." रागावला असेल तर त्याने दाखवलं नाही. मीही विचारलं नाही.

त्याला लिहून दिलं तेच इथे देते, कारण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने बारा लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, आणि बहुतेक खेड्यांतली.

साप चावला तर माणसाला धीर द्या, चालवू-पळवू नका. अंगठ्या, पैंजण, घट्ट कपडे काढा, कारण सूज येते. मोडलेल्या हाडाला आधार देतो तसा त्या पायाला किंवा हाताला काठीचा आधार द्या, पण घट्ट आवळू नका. चिरू नका, चोखू नका, खडे-चुना-पाला लावू नका. साप मारायला किंवा धरायला जाऊ नका, त्यात दुसऱ्याला चावतो. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही तरी डॉक्टर लक्षणांवरून आणि काचेच्या नळीत वीस मिनिटं रक्त ठेवून ते गोठतं की नाही यावरून ठरवतात. साप बिनविषारी होता असं स्वतः ठरवून घरी बसू नका. मण्यार रात्री झोपेत चावते आणि खूणही धड दिसत नाही. १०८ ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीने सरळ इस्पितळ गाठा. लस फक्त तिथेच.

आणि ज्यांच्या नातवंडांनी परदेशात साप पाळले आहेत त्यांच्यासाठी: उंदीर मेलेलाच द्यावा, गोठवलेला असेल तर गरम पाण्यात पिशवी ठेवून पूर्ण निवळलेला, आणि हाताने नव्हे तर लांब चिमट्याने. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे उद्योग नकोत आणि नंतर हात साबणाने धुवावेत, कारण या उंदरांतून माणसांना साल्मोनेलाचे जुलाब लागतात. साप खात नसेल तर उंदीर पेटीत ठेवून झोपू नये. साप आठवडे-आठवडे उपाशी राहू शकतो, त्याची घाई आपल्यालाच असते. उंदीर चावला तर धुवून डॉक्टरकडे जावं आणि नंतर ताप, पुरळ, सांधेदुखी आली तर उंदीर चावल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

नातवाला ताप आला नाही. तीन आठवडे परवाच झाले. सापाने काल कात टाकली, लेकीने फोटो पाठवला. जखमेच्या जागी खवले वेडेवाकडे आले आहेत, ते तसेच राहतील म्हणतात.

सत्काराचा तो फोटो मी भिंतीवरून काढला नाही. काढला तर कुणीतरी विचारेल का काढला म्हणून, आणि आता ठेवला तरी कुणी विचारलं तर सांगता येईल. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी जे हे वाचत असतील त्यांना एवढंच सांगणं आहे, की आठवीत बाईंनी सर्पदंशावर जे शिकवलं होतं ते खोडून टाका. वर लिहिलंय ते लिहून घ्या.